घरत साहेबांचं पिशवीतलं ऑम्लेट

गेल्या महिन्यात आमच्या लॅबमधलं जुनं फर्निचर बदललं. भंगारवाल्याच्या टेंपोत खुर्च्या चढत होत्या. सगळ्यांचं रेक्झिन फाटून स्पंज बाहेर आलेला. एक मात्र अशी निघाली की भंगारवाल्यानं ती परत खाली उतरवली. सीटवर दुकानातून आली तेव्हाचं प्लॅस्टिक तसंच होतं आणि पाठीवर चिकटवलेल्या लेबलावर निळ्या मार्करनं लिहिलं होतं, 'रा. गो. घरत. लॅब. हलवू नये.'

"मॅडम, ये तो नया है," तो म्हणाला.

मी म्हटलं, नवीन कसली, अकरा वर्षांची आहे, फक्त तिच्यावर कोणी बसलं नाही. ती मी रिक्षात घालून घरी आणली. नवऱ्यानं विचारलं, ही अडगळ कशाला? मी ती खिडकीपाशी नेऊन ठेवली, कारण उत्तर लांबलचक होतं.

राजाराम घरत आमच्या रसायनीच्या कारखान्यात सीनियर अॅनालिस्ट होते. प्लांटमधून अर्ध्या अर्ध्या तासानं बाटल्या यायच्या, त्यातलं काय किती आहे ते तपासून कळवायचं, हे आमचं काम. मी तिथं लागले तेव्हा त्यांचे केस पांढरे झालेले होते, म्हणून साहेब. मोहोपाड्याच्या कॉलनीत त्यांना क्वार्टर मिळत होतं. घेतलं नाही. रोज कडावहून, आपल्या गावाहून, मोटारसायकलनं यायचे, कर्जत, चौक करत. "भात दिसलं नाय की मला झोप लागत नाय गं," म्हणायचे. झोप लागत होती की नाही देव जाणे, कारण हा माणूस मी कधी बसलेला पाहिला नाही.

डबा उभ्यानं. रिपोर्ट उभ्यानं. कारखान्याची सहल निघाली तर बसमध्ये अर्ध्या सीट रिकाम्या आणि हे दांडा धरून उभे. मी एकदा वैतागून विचारलं तर म्हणाले, "बसलो की वाटतं काय तरी ऱ्हायलंय." आणि याची लागण व्हायची. त्यांच्या शेजारी दहा मिनिटं उभं राहिलं की आपण घरचा गॅस चालू ठेवून आलोय असं वाटायला लागायचं. मी दोनदा खरंच घरी फोन केलाय.

दुसरा नाद लेबलांचा. बाटल्यांवर लेबल लावणं आमचं कामच आहे, पण घरतांच्या छत्रीवर लेबल, पेनावर लेबल, लॅबमागच्या मांजरीच्या वाडग्यावर 'मांजर' असं लेबल. मांजर वाचणार होती का, असं म्हसकरनं विचारलं. म्हसकर म्हणजे आमचा तिसरा माणूस, गळ्यात तुळशीची माळ, जिभेवर मात्र काही बंधन नाही. घरत म्हणाले, "मांजर वाचत नाय, पन तू वाचतो ना. तू त्याच्यात चहा वततो."

त्यांचा डबा यायचा त्यांच्या बायकोच्या, सुलभावहिनींच्या हातचा. वहिनींना भेटायच्या आधी मी त्यांच्या ऑम्लेटला भेटले होते. तांदळाची भाकरी आणि तिच्यात दुमडलेलं ऑम्लेट, कडा खरपूस, आत कांदा आणि थोडी सुकट. म्हसकर सोडून आम्ही त्याच्यावर तुटून पडायचो. घरत मात्र एक घास घ्यायचे आणि दर वेळी तेच म्हणायचे, "मीठ कमी हाय." घरीही हेच. रोज मीठ कमी, रोज वहिनी पुटपुटत बरणी आणणार, रोज ते चिमूटभर घालणार. मी कडावला गेले की हा तमाशा बघायचे. मीठ कधीच कमी नसायचं.

मग एका सकाळी वहिनी चुलीपुढे बसल्या बसल्या कलंडल्या. अर्धांगवायूचा झटका. दवाखाना, व्यायाम, तेल, सगळं झालं. बोलणं परत आलं, पाय बराचसा आला, उजवा हात नाही आला. मुलगा दूर नोकरीला. शेजारच्या वच्छीबाई सकाळ-संध्याकाळ येऊन स्वयंपाक करून जायच्या. आणि वहिनींनी जेवणच टाकलं. ताट समोर आलं की दोन घास, मग पाण्याचा तांब्या.

"अन्न वाईट नाय गं," घरत मला बाटल्या धुता धुता सांगत होते. "वच्छी बरी करते. पन ही म्हनते, दुसऱ्याच्या हातचं किती दिवस खाऊ? चुलीकडं बघत पन नाय आता. डॉक्टर म्हनला, अशी खात ऱ्हायली तर दुसरा झटका लांब नाय." त्यांनी तीच बाटली चौथ्यांदा विसळली. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. एका हातानं, तोही डावा, बाईमाणसाला स्वतःचं स्वतः काय शिजवता येईल?

उत्तर त्यांना रस्त्यात सापडलं. एका रविवारी कडावकडून डोंगराच्या बाजूला निघाले होते, कशाला ते त्यांनाही ठाऊक नसेल. ओढ्याकाठी शहरातल्या ट्रेकवाल्यांचा तळ पडलेला. मोठ्या टोपात पाणी उकळत होतं आणि त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, प्रत्येकीवर एकेकाचं नाव. घरतांनी गाडी आडवी लावली. पिशवी कसली, वितळत का नाही, अंडी किती, मिनिटं किती? ते बिचारे सांगून दमले, शेवटी एक पिशवी त्यांच्याच हातात दिली. अंडी पिशवीत फोडायची, कांदा-मिरची घालायची, तोंड दाबून बंद करायचं, पिशवीच चुरगळून सगळं एकत्र करायचं आणि सोडायची उकळत्या पाण्यात. तेरा मिनिटांनी पिशवी उघडली की ऑम्लेट गुंडाळीसारखं आपोआप घसरून ताटलीत. तवा नाही, तेल उडणं नाही, उलथणं नाही.

"उलथायचं नाय, नीता!" दुसऱ्या दिवशी लॅबच्या दारातूनच ओरडत आले. "सगळं उलथण्यापाशीच अडतं. एका हातानं तवा कोन धरनार?"

प्रयोग आमच्यावर झाले. लॅबच्या मागं बदामाचं झाड आहे, तिथं परवानगी काढून त्यांनी एक शेगडी मांडली. उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या जाड पिशव्या कुठून कुठून मागवल्या. लॅबची पिशवी तिथं येऊ द्यायची नाही आणि तिथली लॅबमध्ये, यावर ते पोलिसासारखे नजर ठेवून असायचे. पहिल्या पाळीला आम्ही आणि प्लांटमधले चार-पाच जण आलो की प्रत्येकाची पिशवी तयार, वर नाव, तारीख आणि प्रयोग क्रमांक. मला मिरची जास्त, कोणाला सुकट, कोणाला नुसतं मीठ. म्हसकर अंडं खात नाही, त्याच्यासाठी बेसन कालवलेली पिशवी. पाणी एकच, पण म्हसकरचं म्हणणं, पिशवी बंद आहे तर विटाळ शिरणार कुठून? खाऊन झालं की घरत वही काढायचे. "कडेला कच्चं होतं का? मधी? पानी सुटलं का?" मी म्हणायचे, साहेब, जरा खाऊ द्या. खरं सांगायचं तर वहिनींच्या खरपूस कडेपुढं ते काहीच नव्हतं. मऊ, फिक्कट, आजारी माणसाला देतात तसं. पण असं तोंडावर म्हणायला मन धजत नव्हतं.

एकदा मार्कर संपला म्हणून त्यांनी दुसराच कुठला तरी आणला. तेरा मिनिटांनी झाकण काढलं तर पाणी निळं आणि पिशव्या कोऱ्या. सगळी नावं धुतली गेली होती. आठ पिशव्या, आठही पिवळ्या. उकडलेलं बेसन आणि उकडलेलं अंडं बंद पिशवीत किती सारखं दिसतं हे मला त्या दिवशी कळलं. म्हसकर पुढे झाला. "द्या हिकडं. मी वासावर वळखतो."

"आनि चुकलास तर?"

"चुकलो तर देव बघून घेईल."

"देव बघंल, मला नाय बघवनार," घरत म्हणाले. त्यांनी आठही पिशव्या उचलल्या आणि आमच्यादेखत कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. "शंका आली की बॅच रद्द." आम्ही सगळे दुपारपर्यंत उपाशी. म्हसकर दिवसभर चिडचिड करत होता, पण संध्याकाळी गेटपाशी मला म्हणाला, "मानूस येडा हाय, पन माझ्या माळेला माझ्यापेक्षा जास्त जपतो."

दुसऱ्या दिवशी घरत कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे घेऊन आले. आता नाव पिशवीवर नाही, चिमट्यावर, ऑइलपेंटनं. पिशवी टोपाच्या काठाला चिमट्यानं टांगायची, नाव पाण्याबाहेर. म्हसकरचा टोपही वेगळा झाला. पहिला चिमटा लावताना ते मध्येच थांबले, चिमटा काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. डाव्या हातानं. "नीता," म्हणाले, "ह्याला एकच हात लागतो."

पुढच्या रविवारी त्यांनी मला कडावला बोलावलं. "तू असली की ती भडकत नाय." हा त्यांचा अंदाज साफ चुकला.

स्वयंपाकघरात सगळी तयारी होती. कांदा धरायला दोन खिळे मारलेली फळी. पिशवी उभी राहावी म्हणून उंच स्टीलचा पेला, पिशवीचं तोंड त्याच्या काठावर दुमडलेलं. चिमटे ओळीनं. वहिनी स्टुलावर बसल्या होत्या, निम्म्या झालेल्या. पण फळीवरचा कांदा बघून त्यांचे डोळे जरा हलले. त्यांनी डाव्या हातानं सुरी घेतली. पहिला काप वाकडा गेला. घरत म्हणाले, "हळू." दुसरा बरा. "आसं नाय, आसं." अंडं पेल्याच्या काठावर आपटलं, निम्मं बाहेर सांडलं. घरतांनी पुढं होऊन फडकं मारलं, दुसरं अंडं स्वतःच फोडून आत टाकलं, पिशवी दाबून बंद केली. मग सवयीनं खिशातून वही काढली, घड्याळ बघितलं आणि काहीतरी लिहिलं.

वहिनींनी डावा हात पुढं करून वही ओढून घेतली. वर लिहिलं होतं, 'सुलभा. प्रयोग १. वेळ ९.१०. अंडं फोडणे : असमाधानकारक.'

मला हसू येणार होतं. मग वहिनींचं तोंड पाहिलं.

"मी काय तुमचं सॅम्पल हाय?" त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "पयलं मीठ कमी म्हनून रोज बोंबलायचे. आजारी पडल्यापासनं एक दिस नाय बोलले. वच्छीच्या हातचं आळनी असलं तरी गप गिळतात. माझ्याशी गोड बोलतात, पाव्हन्याशी बोलल्यावानी. मानूस ऱ्हायलेच नाय मी. आनि आता माझे मार्क लिवतात." वही चुलीच्या बाजूला भिरकावली आणि भिंतीला धरत आत निघून गेल्या. घरत त्यांच्यामागं धावले. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

त्यानंतरचे दोन आठवडे घरत लॅबमध्ये बघवत नव्हते. ते आधी चालायचे, आता येरझाऱ्या घालायला लागले. वहिनींनी बोलणं टाकलं होतं, घास दोनाचा एकावर आला होता. शेगडी गंजत पडली. एकदा सॅम्पल वाळायला ठेवलेल्या भट्टीचं दार त्यांनी तीनदा उघडून बघितलं आणि माझा संयम संपला. त्यांच्या मुलीच्या वयाची मी, पण बोलले.

"साहेब, दार उघडत राहिलात तर ते वाळणार कधी? हे तुम्हीच मला शिकवलं ना? वहिनींचंही तेच करताय. त्यांना एका हातानं जमत नाही असं नाही. तुमचे दोन हात मध्ये येतात म्हणून जमत नाही. तुम्ही बाहेर बसा."

"बसू?" ते म्हणाले. मी त्यांना कड्यावरून उडी मारायला सांगितलं असतं तरी त्यांचा चेहरा इतका पडला नसता.

दोन दिवस ते मला चुकवून लॅबभर फिरत राहिले. मला रडू यायचं बाकी होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिशातली ती वही काढली, 'सुलभा' लिहिलेलं पान फाडलं, नीट घडी केली आणि सिंकमध्ये जाळलं. मग चिमटे पिशवीत भरून घरी घेऊन गेले. पुढं काय चाललंय हे मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती. महिनाभरानं ते रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना फुलांनी सजवलेल्या खुर्चीत बसवायचा प्रयत्न झाला, तिथंही ते हार घालून शेवटपर्यंत उभेच राहिले.

त्यानंतर चार महिन्यांनी, भाताची कापणी चालू असताना, ते गेले. सकाळी बांधावरून चालता चालता. त्याबद्दल मला फार लिहायचं नाही, अजून नीट लिहिता येत नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, रिटायर झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात. फोन आला, "रविवारी ये. म्हसकरला घेऊन ये. उपाशी या."

आम्ही कडावला पोचलो तेव्हा घरत बाहेरच्या ओट्यावर होते. बसलेले. म्हसकर फाटकातच थांबला आणि म्हणाला, "साहेब, बरं वाटत नाय का?" घरत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. पाय थरथरत होते, टाच सारखी आपटत होती, पण बूड ओट्याला होतं. मागं स्वयंपाकघराचं दार बंद.

"आतनं कडी हाय," ते हळूच म्हणाले. "पंधरा दिस झाले. रोज सकाळी. मला आत घेत नाय. म्हनली, तुमी बसलात तर मी करीन. उठलात तर चूल बंद." मग हातातलं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. "हे धर. माझ्याकडं नको."

आतून बारीक बारीक आवाज येत होते. फळीवर सुरी. मग थांबलं. पेल्यावर अंडं. थांबलं. पिशवी ओट्यावर दाबल्याची फसफस. घरत प्रत्येक आवाजाला मान हलवत होते. मग आत काहीतरी धाडकन पडलं, टोप किंवा झाकण, गोल गोल फिरत वाजत राहिलं. घरत उठले. निम्मे उठले, एक हात दाराकडे गेला.

"काय नाय झालं!" आतून आवाज आला, चांगला खणखणीत. "बसा तितंच!"

ते बसले. हात परत मांड्यांखाली. म्हसकर माळ चाचपत होता. मी घड्याळाकडे बघत होते आणि ते माझ्या तोंडाकडे. तेरा मिनिटांना इतका वेळ लागतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

कडी निघाली. वहिनी बाहेर आल्या, डाव्या हातात एक ताटली. पाय ओढत आल्या, ती म्हसकरपुढं ठेवली. "तुजं बेसनाचं. टोप वेगळा, पानी वेगळं, चिमटा वेगळा." परत आत. दुसरी माझी, मिरची जास्त, वच्छीबाईची भाकरी बाजूला. परत आत. हात एकच, म्हणून एका वेळी एकच ताटली. प्रत्येक खेपेला उंबऱ्यापाशी त्या थांबायच्या, पाय उचलून ठेवायच्या. घरत बघत होते. मला वाटतं, आयुष्यात त्यांनी यापेक्षा कठीण काम केलं नसेल. ते उठले नाहीत. तिसरी त्यांची. चौथी स्वतःची घेऊन वहिनी त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकल्या आणि कोणाची वाट न बघता खायला लागल्या. एक घास, दुसरा, तिसरा, चौथा. घरत ते घास मोजत होते हे मला दिसत होतं. मी मान खाली घातली.

घरतांनी एक तुकडा तोंडात टाकला. चावला. मग तोंड वाकडं करून म्हणाले, "सुलभा, मीठ कमी हाय."

वहिनींचा घास हातात राहिला. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. "मेलं ह्यांचं मीठ," त्या पुटपुटल्या, "एक दिस सुखानं खाऊ देतील तर!" आणि भिंतीला हात लावून उठल्या. पाचव्या खेपेसाठी उंबरा ओलांडून आत गेल्या. बरणी उघडल्याचा आवाज आला.

मी घरतांच्या ताटलीतला एक कोपरा तोडून खाल्ला. मीठ अगदी बरोबर होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते. डोळे भरलेले, पाय शांत.

वहिनींनी बरणी आणून त्यांच्यापुढं आदळली. त्यांनी चांगली चिमूटभर घेतली, वरून पसरली आणि ते खारट ऑम्लेट शेवटच्या तुकड्यापर्यंत बसून खाल्लं.